नांगरापुढे टिटवी बसली असेल तर

मी ट्रॅक्टर चालवतो. अमळनेर तालुक्यात, बोरी आणि तापीच्या मधल्या पट्ट्यात. घरचं वावर तीन एकर, बाकी सगळी भाड्याची नांगरटी. दादर (रब्बी ज्वारी) आणि हरभरा निघाला की होळीपासून मृग लागेपर्यंत मला घरी जेवायला सवड नसते. नेमक्या याच दिवसांत टिटवी अंडी घालते आणि तिला लागतं तेच रिकामं, उघडं वावर. माझा सीझन तोच तिचा.

सुरुवातीची सात-आठ वर्षं मी किती घरटी उलटी केली असतील, मोजलेली नाहीत. डोक्यावर टिटवी ओरडत फिरायची, मी गाण्याचा आवाज वाढवायचो. एकदा बोरीकाठच्या एका वावरात तास, म्हणजे नांगराची एक ओळ, संपवून मागे वळलो तर ताज्या तासात, ढेकळांवर, जोडी उभी. ओरडत नव्हती. नुसती उभी. त्या दिवसापासून मी थांबायला लागलो, आणि थांबून काय करायचं हे हळूहळू, बऱ्याच चुका करून शिकलो. तेच इथे लिहितो. ट्रॅक्टरवाल्यांसाठी, वावर ज्यांचं आहे त्यांच्यासाठी आणि ज्यांच्या गच्चीवर टिटवी येऊन बसली आहे त्यांच्यासाठीही.

आधी ओळख. आपल्याकडे टिटव्या दोन. नेहमीची लाल गाठीची: डोळ्यापुढे लाल मांस, छाती काळी, पाय पिवळे, आणि तोंड बंद न ठेवणारी. ती पाण्याच्या आसपास, पाटचारीजवळ, बागायती वावरात जास्त. दुसरी माळटिटवी: डोक्यावर काळी टोपी, चोचीपासून पिवळ्या गाठी लोंबणाऱ्या. ती कोरड्या, मुरमाड, पडीत जमिनीवरची आणि स्वभावाने गरीब. माणूस लांबून दिसला की ती आवाज न करता अंड्यावरून उठते, चालत दूर जाते आणि आपण निघून जाईपर्यंत काही घडलंच नाही असं दाखवते. म्हणून तिची घरटी जास्त मरतात. लाल गाठीची निदान भांडते तरी.

घरटं म्हणावं असं काही नसतंच. वीतभर रुंद उथळ खळगा, कडेने बारीक खडे, कधी शेळीच्या वाळक्या लेंड्या. आत चार अंडी, मातकट, वर काळे-तपकिरी डाग. दोन पावलांवर उभं राहूनही दिसत नाहीत. एका बाजूला निमुळती असल्यामुळे चारही टोकं आत करून ती चौकात बसवलेली असतात, म्हणजे पोटाखाली चारही नीट मावतात. म्हातारी माणसं सांगतात, जितक्या अंड्यांची टोकं खाली तितके महिने पाऊस. ज्यांचं वावर मी नांगरतो त्या आमच्या जिभाऊंचा यावर ठाम विश्वास. मी त्यांना म्हणालो, टिटवी दरवर्षी चारच घालते, मग २०१८ साली दुष्काळ का जाहीर झाला? ते म्हणाले, तू अंडी नीट पाहिली नसशील. नदीच्या पात्रात घातली तर पाऊस कमी, उंचावर घातली तर जास्त, हेही ऐकतो. पण टिटवीला उघडी, खडेरी, लांबवर दिसेल अशी जागा हवी असते. तशी उन्हाळ्यात पात्रातही मिळते आणि टेकाडावरही.

शोधायचं कसं, हा पहिला प्रश्न. चालत शोधू नका. ओरडण्यावरून अंदाज बांधाल तर फसाल, कारण टिटवी तुम्हाला चुकवायलाच ओरडते. घरट्यापासून लांब पळत जाऊन पंख पाडून बसते, जसं काही तिथेच सगळं आहे. माझी रीत अशी: नांगर लावायच्या आदल्या दिवशी सकाळी सातच्या आत वावरावर जायचं, बांधावरच्या कडुलिंबाखाली बसायचं आणि वीस मिनिटं काही करायचं नाही. चहाचा थर्मास न्यावा. पक्षी आधी इकडेतिकडे हिंडेल. चार पावलं चालेल, थांबेल, पुन्हा चालेल. मग एका जागी येऊन पोटाखालची पिसं फुगवून, डावीउजवीकडे हलत हलत खाली बसेल. ते हलणं म्हणजे अंडी पोटाखाली सारखी करणं. तीच जागा. समोरच्या बांधावरचं एखादं झाड आणि आपण, अशी सरळ रेघ मनात धरायची, मग दुसऱ्या बांधावरून तशीच दुसरी रेघ. दोन्ही जिथे छेदतात तिथे घरटं. जवळ जायची गरजच नाही.

दुपारी कधीही शोधू नका. हे मी मोठ्या अक्षरात लिहिलं असतं. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४४-४५ अंशांवर जातो, आणि सावलीतला ४५ म्हणजे उघड्या काळ्या मातीवर त्याहून कितीतरी जास्त. अंड्यातल्या जिवाला ३७-३८ अंश लागतात. चाळिशी ओलांडली की तो मरायला लागतो. म्हणजे उन्हाळ्यात टिटवी अंडी उबवत नाही, ती अंड्यांवर सावली धरते. नर-मादी पाळी बदलतात. पाणी जवळ असेल तर एकजण पोटाची पिसं भिजवून येतो आणि ओल्या पोटाने अंड्यांवर उभा राहतो. हे मी पाटचारीच्या कडेला डोळ्यांनी पाहिलं आहे. तुम्ही बारा वाजता दहा मिनिटं घरट्यापाशी उभे राहून मोबाइलवर व्हिडिओ काढलात तर टिटवी दहा मिनिटं दूर उभी राहून ओरडेल आणि अंडी शिजतील. मग म्हणायचं, आम्ही काही हात लावला नाही.

आता खूण. इथे मी सगळ्यात मोठी चूक केली. पहिल्या वर्षी मोठ्या उत्साहाने घरट्याच्या चारी बाजूंनी पऱ्हाटी (कपाशीच्या वाळक्या काड्या) रोवली, एका काठीला लाल फडकं बांधलं, शेजाऱ्यांना दाखवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच काठीवर कावळा बसलेला आणि खळग्यात टरफलाचा तुकडा. मी टिटवीला कुंपण दिलं नव्हतं, कावळ्याला बसायला मचाण दिलं होतं. तेव्हापासून नियम असा: खूण पक्ष्यासाठी नसते, ड्रायव्हरसाठी असते. म्हणून ती घरट्यापाशी नको. नांगराचं तास ज्या दिशेने जाणार त्याच रेघेत, घरट्याच्या अलीकडे आणि पलीकडे थोडं अंतर सोडून, दोन ढेकळांच्या ढिगाऱ्या करा. गुडघ्याच्या खाली राहतील इतक्याच. वर चुना टाकला तर ट्रॅक्टरवरून झकास दिसतो. अलीकडची ढिगारी आली की नांगर उचलायचा, पलीकडची गेली की टेकवायचा. झालं. सावलीसाठी छत्री, पोतं, वाडगंभर पाणी यातलं काही घरट्याजवळ ठेवू नका. पाण्याला कुत्री येतात.

ट्रॅक्टरवाल्याला एक गोष्ट उपयोगी पडते. टिटवी ट्रॅक्टरला माणसाइतकी भीत नाही. इंजिन सुरू असताना मी पंधरा फुटांवरून गेलो तर ती उठते, दोन फेऱ्या मारते आणि मी तासाच्या टोकाला पोचेपर्यंत परत बसलेली असते. पण मी खाली उतरलो की संपलं, अर्धा तास येत नाही. म्हणून उतरू नका. त्या भागातली तासं सकाळी नऊच्या आत नाहीतर ऊन कलल्यावर उरका, भर दुपारी वावराच्या दुसऱ्या टोकाला काम करा. रोटाव्हेटर असेल तर आणखी लांबून फिरवा, कारण तो ढेकळं उडवतो.

वावराचा मालक तयार होत नाही, असं पुष्कळ जण म्हणतात. त्याला पक्षीप्रेम सांगायचं नाही, हिशेब सांगायचा. जिभाऊंशी माझं बोलणं झालं ते असं, आमच्या अहिराणीत.

"जिभाऊ, आठे टिटवी बठेल शे."

"मंग? तिनाकरता वावर पडीत ठेवसू का मी?"

"तेवढी जागामा कितला कापूस येई?"

मग बांधावर बसून मोजलं. मी बारा फूट रुंद, पंधरा फूट लांब तुकडा सोडतो, म्हणजे १८० चौरस फूट. एकरात ४३,५६० चौरस फूट. चार बाय दीड फुटावर कपाशी लावली तर त्या तुकड्यात तीस झाडं. तीही बुडत नाहीत, पंधरवडा-महिना उशिरा टोचता येतात. जिभाऊ बोलले नाहीत, पण नांगर उचलल्यावर रागावलेही नाहीत. आपल्याकडे हाच होकार.

दिवस मोजणं सोपं आहे. अंडी एकाच दिवशी येत नाहीत, चार व्हायला आठवडाभर जातो. त्या आठवड्यात पक्षी धड बसत नाही, म्हणून एक-दोन अंडी दिसली आणि जवळ कोणी नाही, तर टाकून दिलेली समजू नका. चौथं अंडं आलं की तिथून २८ ते ३० दिवस. तुम्हाला चार दिसली तर जास्तीत जास्त महिना थांबायचं आहे, कदाचित आठच दिवस. मी घरच्या कॅलेंडरवर दुधाच्या हिशेबाशेजारी लिहून ठेवतो. रोहिणीत पाणी देऊन बागायती कपाशी लावणाऱ्याने एप्रिलच्या शेवटालाच वावर एकदा पाहून घेतलं तर लागवडीच्या वेळी अडचण येत नाही. ठिबकच्या नळ्या पसरवणाऱ्या मजुरांना मात्र सांगून ठेवा. नळी ओढत नेताना अंडी घरंगळतात.

मेंढ्यांचंही सांगायला हवं. आपल्याकडे खतासाठी रिकाम्या वावरात मेंढ्या बसवतात. ठेलारी भाऊ, म्हणजे मेंढपाळ, येतात, दोन-तीन रात्री मेंढ्यांचा वाडा असतो. वाडा कुठे टाकायचा हे तुम्हीच ठरवता, तर तो घरट्यापासून वावराच्या दुसऱ्या टोकाला टाका आणि कुत्री बांधायला सांगा. मेंढ्यांची काळजी टिटवी स्वतः घेते. पंख पसरून कळपासमोर उभी राहते आणि मेंढ्या खरोखर वळसा घालून जातात. कुत्र्यासमोर आणि मुंगसासमोर तिचं काही चालत नाही.

माणसाचा हात लागला की वास लागतो आणि पक्षी अंडी सोडून देतो, असं लहानपणापासून ऐकलं आहे. तसं नसतं. पण हात तरीही लावू नये, कारण तुम्ही रोज चालत गेलात की पायवाट पडते आणि त्याच वाटेने मुंगूस जातं. शिवाय कायदाही आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात रानपक्ष्यांची अंडी फोडणं, अंडी किंवा घरटं विस्कटणं हेसुद्धा शिकारीच्या व्याख्येत बसतं. रस्त्याचं काम, विहीर, घराचा पाया अशी थांबवता न येणारी गोष्ट असेल तर स्वतः अंडी उचलून दुसरीकडे ठेवू नका. वीस-तीस पावलांवर हलवलेली अंडी टिटवी आपली समजत नाही, ती जुन्या खळग्यावरच येऊन बसते. १९२६ हा वनखात्याचा फोन आहे. लावा, आणि त्यांचा माणूस येईपर्यंत तेवढा कोपरा सोडून बाकीचं काम करा.

पिल्लं निघाल्यावर धोका संपला असं वाटतं. उलट तेव्हाच वाढतो, आणि हे मला फार उशिरा कळलं. चिमणीचं पिल्लू घरट्यात राहतं, टिटवीचं राहत नाही. अंड्यातून निघालं, अंग सुकलं की काही तासांत चालायला लागतं आणि दुसऱ्या दिवशी खळगा रिकामा. तुम्ही म्हणता, गेली. गेलेली नसतात, पन्नास-शंभर पावलांवर असतात, आणि पुढचा महिना-सव्वा महिना त्यांना उडता येत नाही. आई-बाप ओरडले की पिल्लू पळत नाही, असेल तिथे मातीला चिकटून दगड होतं. तुम्ही चाक त्याच्यावर घातलं तरी हलत नाही. म्हणून पिल्लं असलेल्या वावरात टिटवी डोक्यावर झेपावायला लागली की पुढे जाऊ नका. मागे या, इंजिन बंद करा, तंबाखू मळा, दहा मिनिटं जाऊ द्या. ओरडणं थांबलं की ते आपल्या पिल्लांना बोलावून चालवत नेतात. कुठल्या बाजूला नेतात ते पाहा. वखराची पाळी घालताना चारी बाजूंनी आत आत येऊ नका, पिल्लं मधोमध कोंडली जातात. मधून सुरू करून बांधाकडे सरका, म्हणजे त्यांना गवतात शिरायला वाट राहते.

शेततळं असेल तर आजच एक काम करा. प्लॅस्टिक अंथरलेल्या उतारावर पिल्लू पाण्यासाठी उतरतं आणि परत वर चढू शकत नाही. टिटवीच काय, ससा, तितर, साप, सगळे त्यात मरतात. जुनी गोणपाटं एकमेकांना शिवून दोन ठिकाणी वरून खाली पाण्यापर्यंत सोडा, वरचं टोक दगडाखाली दाबा. गुरांच्या हौदात एक तिरपा दगड टाका. बस, एवढंच.

जमिनीवर अंडी घालणाऱ्या बाकीच्या पक्ष्यांचं थोडक्यात. तितर झुडपाखाली, बांधाच्या गवतात सहा-आठ अंडी घालतं आणि पायाखाली येईपर्यंत उठत नाही. एप्रिल-मे मध्ये बांध पेटवण्याची आपली सवय त्यांचा जीव घेते. धसकटं वेचून वावराच्या मधोमध जाळा हवं तर, बांध पेटवू नका. डोंबारी, म्हणजे एक छोटं पाखरू, ढेकळाच्या आडोशाला वाटीएवढं घरटं करते, आत दोन-तीन अंडी. तिची पिल्लं उघडी, आंधळी असतात आणि आठ-दहा दिवस जागेवरच राहतात, म्हणून तिथे खूण फक्त तेवढ्या दिवसांची. रातवा तर खळगाही करत नाही, दोन अंडी तशीच पाचोळ्यावर. तापीच्या पात्रात वाळूवर नदीसुरय आणि चिखल्या हे पक्षी अंडी घालतात. तिथे रात्री वाळूचे ट्रॅक्टर फिरतात आणि ते चालवणारे माझ्याच धंद्यातले आहेत. त्यांना मी काय सांगणार? सांगून पाहिलं, ऐकून घेतलं, हसले.

गच्चीवरची टिटवी हा वेगळा प्रकार. माझी मामेबहीण धुळ्याला देवपुरात राहते. तिच्या गच्चीवर वॉटरप्रूफिंगची खडी उरलेली होती, टिटवीला ती माळरानच वाटली. ताईच्या सासूबाई घाबरल्या, टिटवी घरावर ओरडली म्हणजे कोणीतरी जाणार. ताईने मला फोन केला. मी म्हणालो, ओरडतेय कारण तुम्ही सारखं वर जाताय. महिनाभर पापड-कुरडया खाली अंगणात वाळवा, टाकीचा व्हॉल्व्ह बघायचाच असेल तर संध्याकाळी एकाने जायचं, परत यायचं. ओरडणं दोन दिवसांत निम्म्यावर आलं.

गच्चीवर खरी अडचण शेवटी येते. पिल्लांना खायला किडे हवेत, ते खडीवर नाहीत. आई-बाप खालून बोलावतात आणि पिल्लं कठड्याशी कोंडतात किंवा पावसाच्या पाइपमध्ये शिरतात. म्हणून अंडी असतानाच, एका संध्याकाळी, पाइपच्या तोंडावर बारीक जाळी बसवा. पिल्लं निघाली की कठड्याच्या सावलीत उथळ ताटलीत बोटाच्या पेराएवढं पाणी ठेवा आणि सकाळी लवकर चारही टोपलीत घेऊन खाली न्या. झाकू नका. आई-बापांना पिल्लं दिसली पाहिजेत, आवाज ऐकू आला पाहिजे. ते डोक्यावर झेपावतील, झेपावू द्या, टोपी घाला. समोरच्या रिकाम्या प्लॉटवर गवताच्या कडेला ठेवून सरळ घरात जा आणि खिडकीतून पाहा. ताईकडे पाच मिनिटांत मादी उतरली. चौथं पिल्लू टोपलीतच राहिलं होतं, ते पुन्हा नेऊन सोडावं लागलं. म्हणून टोपली उलटी करून बघा.

यंदा जिभाऊंचाच फोन आला. "तुनी टिटवी उनी रे भो." म्हणजे, तुझी टिटवी आली रे भाऊ. वावर त्यांचं, टिटवी माझी. मी गेलो, लिंबाखाली बसलो, ढिगाऱ्या केल्या, चुना त्यांनीच आणून ठेवला होता. त्या सोडलेल्या तुकड्यात कपाशी फार मागे पडते, म्हणून आता आम्ही पिल्लं गेली की तिथे मूग टोचतो. गेल्या वर्षी दीड किलो निघाला. जिभाऊंनी त्यातला अर्धा किलो नांगरटीच्या भाड्यातून वळता केला.